सहा पूर्णांक चार

“साबण,” काटेवाले वहीवर बोट ठेवून म्हणाले. “सुया, पांढरा दोरा, बल्ब. हे मी डॉक्टरांना काय म्हणून दाखवायचं?”

“दाखवायचं कशाला? आणून द्यायचं,” त्यांची बायको म्हणाली. “आणि बल्ब पिवळा नको. गेल्या खेपेला पिवळा आणलात.”

“ही माझी सोमवारची नोंद आहे.”

“साबणही सोमवारीच संपला.”

भांडण सुरू होऊन पाव तास झाला होता आणि ते अजून त्याच पानावर अडलं होतं. पानावर पट्टीने आखलेले तीन रकाने होते. डावीकडे वेळ, दर अर्ध्या तासाची. उजवीकडे त्या वेळी जीव किती घाबरा होता याचा दहापैकी आकडा. आणि मधे, ‘त्या वेळी काय करत होतो’ असं मथळ्यात लिहिलेला एक रुंद, स्वच्छ, कोरा रकाना. तो सोमवारी कोरा होता, त्याआधीच्या रविवारी कोरा होता आणि मागे मागे उलटत गेलं तर अकराही वह्यांमधून कोराच होता. सकाळी घाईत बायकोला यादी करायला कागद मिळेना, हा रकाना मिळाला. तिचा बचाव एवढाच होता की तिने रिकाम्या जागेत लिहिलं, आकड्यांना धक्का लावला नाही. काटेवाल्यांचं म्हणणं होतं की तो रकाना डॉक्टरांचा आहे.

“मग भरत का नाही?”

“काही करतच नव्हतो, तर काय भरू?”

यावर तिच्याकडे उत्तर होतं. पण ते तिने गिळलं, कारण गेले चार महिने या घरात कोणीही मोठ्याने बोललं की उजव्या रकान्यातला आकडा वाढत असे आणि कोणामुळे वाढला तेही तोंडी कळवलं जात असे. परवाच कुकरच्या शिट्टीला अर्धा अंक लागला होता.

बायको बालवाडी चालवायची. गल्लीतले सगळे तिला बाई म्हणत, आपणही तेच म्हणू. दिवसाला बावीस पोरांची नाकं पुसून ती घरी यायची आणि तेविसाव्याशी त्याच सुरात बोलायची. त्यामुळे तिचा हा सूर नक्की कधी सुटला आणि कधी चिकटला, ते तिलाही सांगता आलं नसतं.

काटेवाले हे आडनाव नव्हे. बाजारपेठेतल्या सगळ्या दुकानांचे वजनकाटे दुरुस्त करायचे, म्हणून काटेवाले. भाजीवाल्यांचे हातातले, वाण्यांचे गल्ल्यावरचे, आताचे विजेवर चालणारे आणि सराफांचे ते काचेच्या पेटीतले नाजूक, ज्यांच्यासमोर माणूस शिंकला तरी सोनं महाग होतं. वर्षातून एकदा प्रत्येक काटा उघडून, पुसून, बरोबर करून, सहीचा कागद द्यायचा, की मग सरकारी शिक्का मिळायचा. तीस वर्षं त्यांनी हे काम केलं. गिऱ्हाईक आणि दुकानदार वजनावरून हातघाईवर आले की दोघेही म्हणत, काटेवाल्यांना विचारू. ते येत, काट्यापुढे बसत, आणि भोवतीचा बाजार त्यांच्या लेखी बंद होत असे. ते स्वतःसुद्धा स्वतःच्या लेखी बंद होत. सदरा उलटा घातलाय हे त्यांना संध्याकाळी घरी आल्यावर बाईंनी सांगावं, जेवलात का विचारलं तर त्यांनी जरा विचार करावा. एकदा पायात खिळा घुसला होता तो त्यांना रक्त लादीवर दिसल्यावर कळला, आणि तरी आधी त्यांनी ‘हे कोणाचं?’ असं विचारलं. नवराबायकोच्या संसारात या गोष्टींचा बाईंना फार वैताग होता. माणसाने थोडं तरी स्वतःकडे लक्ष द्यावं, असं त्या पंचवीस वर्षं म्हणत होत्या. ते इतकं मनावर घेतलं जाईल अशी त्यांची कल्पना नव्हती.

झालं ते इतकंच. सहा महिन्यांपूर्वी एका सराफाच्या दुकानात ते शंभर मिलिग्रॅमचं वजन चिमट्याने उचलत होते. हे वजन म्हणजे नखाएवढा पत्रा, त्याचा एक कोपरा वर वळवलेला. ते चिमट्यातून सुटून गालिच्यावर पडलं. सराफ हसत म्हणाला, “काटेवाले, आज हात हलतोय.”

सराफ हे दहा मिनिटांत विसरला. काटेवाल्यांनी मात्र त्या दिवशी जन्मात पहिल्यांदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हात खरंच हलत होता. तो जितका पाहावा तितका जास्त हलत होता. दुसऱ्या दिवशी ते घरून निघण्याआधीच बघून घेऊ म्हणून हात पुढे धरून उभे राहिले, आणि दारातच बसले. हाताच्या मागोमाग त्यांना आपला श्वास ऐकू येऊ लागला, मग छातीतले ठोके, मग गिळताना घशात होणारा आवाज. तीस वर्षं जे कान पोलादाच्या धारेवर दांडी नीट बसली की नाही ते ओळखत होते, ते कान आता आत वळले आणि आत तर काय, दिवसभर गिरणी चालू. ते काचेच्या पेटीपुढे बसत आणि काटा कुठे थांबला ते पाहण्याऐवजी, आपण कसे बसलो आहोत, सराफ आपल्याकडे बघतोय का, आणि तो बघत असेल तर त्याला काय दिसत असेल, ते पाहत. एका आठवड्यात त्यांनी दोन काटे चुकवले. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी दुकान बंद केलं.

हे थट्टेवारी नेण्यासारखं नव्हतं. सकाळी बाई बालवाडीला निघताना ते पलंगाच्या कडेला मोजे हातात धरून बसलेले असत, आणि दीड वाजता परत आल्या की तसेच बसलेले असत, मोजे हातात. काय झालं विचारलं तर म्हणत, काही नाही, मी बघतोय. काय बघताय? तर, हे जाईल का. एकदा बाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून रडताना पाहिलं. त्या आवाज न करता मागे सरल्या आणि बाहेर येऊन मुद्दाम बादली आपटली, म्हणजे त्यांना डोळे पुसायला वेळ मिळावा.

सगळ्या तपासण्या झाल्या. हृदय उत्तम, रक्त उत्तम. शेवटी एका मनाच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरबाई तरुण होती, बोलायला चांगली होती. तिने सांगितलं, पंधरा दिवस एक वही ठेवा, जीव घाबरा होईल तेव्हा वेळ लिहा, तेव्हा काय करत होतात ते लिहा, किती घाबरलात ते दहापैकी लिहा आणि मग ती घेऊन या, आपण बोलू.

दुसऱ्या कोणी पंधरा दिवसांत आठ-दहा ओळी लिहिल्या असत्या, त्यातल्या चार खोट्या. पण डॉक्टरबाईने मोजायला सांगितलं होतं ते काटेवाल्यांना. ‘घाबरा होईल तेव्हा’ हे त्यांना भोंगळ वाटलं, म्हणून त्यांनी दर अर्ध्या तासाला नोंद ठेवली. सहा आणि सात यांच्यामध्ये केवढी तरी जागा असते, म्हणून त्यांनी दशांश घेतले. आणि तिसरी गोष्ट, जिच्यापायी सगळा घोळ झाला, ती त्यांच्या धंद्यातलीच होती. काटा दुरुस्त केला की त्यावर एकच वजन पुन्हा पुन्हा ठेवायचं. लागोपाठ तीन मापं सारखी आली तरच सही करून काटा धन्याला परत द्यायचा. तोपर्यंत तो दुकानातून हलवायचा नाही. काटेवाल्यांनी ठरवलं, तीन नोंदी सारख्या आल्या की डॉक्टरकडे जाऊ.

त्या आल्याच नाहीत. सहा पूर्णांक चार, सहा पूर्णांक चार, आणि तिसऱ्या वेळी आता जमतंय या कल्पनेनेच सहा पूर्णांक आठ. पंधरा दिवसांचे चार महिने झाले, एका वहीच्या अकरा झाल्या. डॉक्टरबाईला वाटलं असेल, बरा झाला.

घर त्या वहीभोवती फिरू लागलं. काटेवाल्यांची थोरली बहीण, आक्का, नवरा गेल्यापासून इथेच राहायची. तिला ऐकू कमी येई, म्हणजे जे ऐकायचं नसेल ते येत नसे. ती रोज सकाळी पहिलं वाक्य, “काय रे, आज किती?” असं विचारायची, हवामान विचारावं तसं. चार म्हणाला तर ती गच्चीत उन्हाला बसे, सात म्हणाला तर आपल्या खोलीचं दार लावून घेई. बाईंचा गुडघा या चार महिन्यांत दोनदा सुजला आणि उतरला. त्याला वही नव्हती.

आणि काटे घरी येऊ लागले. दुकान बंद, पण वर्षाची तपासणी काही थांबत नाही. दुकानदार आपले काटे जिन्याखाली ठेवून जात, ‘तब्येत झाली की बघा’ म्हणून. दुसऱ्या कोणाकडे गेले असते, पण सवय. ते जिन्याखालून बाहेरच्या खोलीत आले, तिथून पलंगाखाली आणि मग आक्काच्या कपाटावर. सगळे मिळून सव्वीस. पाहुणा आला तर त्याला एक काटा उचलून मांडीवर घेतल्याशिवाय बसता येत नसे.

हे सगळं ओढत होती ती मुलगी. जन्मली तेव्हा इतकीशी होती, की बापाने तिला तिथल्या तिथे छटाक म्हटलं. आता तेवीस वर्षांची, बापापेक्षा चार बोटं उंच, तंत्रशाळेतून मोजमापाच्या यंत्रांचं शिकून बाहेर पडलेली, तरी छटाकच. ती रोज चार-पाच काटे उघडायची, पुसायची, जोडायची. पण परवाना बापाच्या नावावर, सही बापाची, आणि बाप स्वतः तपासल्याशिवाय सही करणार नाही आणि तपासायला हात लावणार नाही. त्यामुळे काटे दुरुस्त होऊन तिथेच बसून होते.

त्या मंगळवारी, साबण-सुयांच्या भांडणात, बाईंनी मधला रकाना किती कोरा असतो ते दाखवायला वहीची पानं भराभर मागे उलटली, आणि आतून घडी घातलेला एक जाड कागद खाली पडला. त्याच्या पाठीवर बारीक अक्षरात नोंदी होत्या, आणि कोपऱ्यात नाडीच्या ठोक्यांचा चढउतार काढला होता. बाईंनी तो उलटला आणि दाराकडे पाहिलं.

छटाक दारातच उभी होती. “बाबा, ते तुम्ही वाचलंत का?”

“काय?”

“ती दुसरी बाजू.”

काटेवाल्यांनी कागद घेतला, चष्मा वर केला, वाचला. तीनशे किलोमीटरवर औषधांचा एक कारखाना होता. तिथल्या प्रयोगशाळेतले काटे सांभाळायचं काम छटाकला देऊ केलं होतं. एक तारखेला हजर व्हा, स्वीकार लेखी कळवा, पोचायची शेवटची तारीख शुक्रवार. पत्र येऊन अठरा दिवस झाले होते. बाबांना आपणच सांगू असं छटाकने आईला बजावलं होतं. सांगायला तोंड उघडलं की पाच पूर्णांक काही असे, मग राहून जाई. शेवटी घरात बाबा उघडतात ती एकच वस्तू, म्हणून तिने ते पत्र त्यांच्या वहीत ठेवलं होतं. काटेवाल्यांना त्या दिवशी पान संपल्यामुळे कागद हवाच होता.

त्यांनी पत्र दोनदा वाचलं. खोलीतल्या दोघी वाट पाहत राहिल्या. आक्काही आपल्या खोलीतून बाहेर आली होती, म्हणजे हे तिला ऐकायचं होतं. काटेवाल्यांनी घड्याळाकडे पाहिलं, मनगटावर दोन बोटं ठेवली आणि अगदी प्रामाणिकपणे सांगितलं, “वाचल्यावर सात पूर्णांक दोन.”

छटाकने त्यांच्या हातातून पत्र घेतलं आणि पुन्हा घडी घातली. बाईंना वाटलं, आदळआपट केली असती तर बरं झालं असतं, कुकरइतका तरी आवाज.

त्या दिवशी दुपारी छटाकने आईला सांगितलं की नकार कळवते. सव्वीस काट्यांचं काय करायचं, आणि याचं काय करायचं. ‘याचं’ म्हणताना तिने आतल्या खोलीकडे मान केली. बाई म्हणाल्या, घाई करू नकोस. पण जा असंही म्हणाल्या नाहीत. ते वाक्य त्यांनी बराच वेळ तोंडात धरून ठेवलं आणि मग त्याऐवजी, जेवून घे, म्हणाल्या.

बुधवारी दुपारी छटाकने सराफाचा तो काचेच्या पेटीतला काटा काढला. नकाराचं पत्र टपालपेटीतून पाचला उचललं जाणार होतं, ते अजून लिहायचं होतं, म्हणून ती उरकत होती. साडेतीनची नोंद करून काटेवाले मोरीकडून पलंगाकडे चालले होते, काखेत वही. त्यांच्या वाटेत टेबल होतं. टेबलावर त्यांची मुलगी शंभर ग्रॅमचं पितळी वजन बोटांनी उचलत होती. उघड्या बोटांनी.

काटेवाले थांबले.

“वजनाला बोट?”

“घाईत आहे, बाबा.”

“घाम लागतो त्याला. चरबी लागते. उद्या ते शंभर राहील का? चिमटा कशाला दिलाय, भुवया कोरायला?” त्यांनी वही खुर्चीवर टाकली, वजन तिच्या हातातून चिमट्याने काढून घेतलं, डोळ्यांजवळ नेलं, खिशातला रुमाल काढला, तो मळका निघाला, म्हणून आक्काच्या खांद्यावरचा घेतला. “आणि हे काय, दांडी कोणी बसवली ही? गाढवा, ही उलटी आहे.”

उलटी नव्हती. जरा तिरकी होती. पण ते सांगायला छटाकला सवड मिळाली नाही, कारण तोपर्यंत ते तिच्या खुर्चीत बसले होते आणि ती उभी होती.

त्यांनी काटा पूर्ण उघडला. पोलादी धार भिंगाखाली धरली. तिच्यावर गंज होता, डोळ्याला न दिसणारा, बोटाला न लागणारा. तो काढायला तासभर गेला. आक्का काय चाललंय बघायला पुढे आली तर, “उजेडातून सरक,” म्हणून तिच्यावर खेकसले. बाईंनी ठेवलेल्या चहावर साय आली. छटाकला मधूनमधून काम मिळत होतं. हे धर, ते दे, फुंकू नकोस. सगळं जोडून झाल्यावर त्यांनी वजन पारड्यात ठेवलं आणि छटाक काच लावायचं सोडून वाकून बघायला लागली, तेव्हा त्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“तोंड लावू नकोस त्याला, श्वास लागतो. काच लाव आणि तिकडे बघ. थांबेल तो.”

दोघं खिडकीबाहेर बघत राहिली. समोरच्या इमारतीत कोणीतरी सतरंजी झटकत होतं. काटा थांबला. एकदा, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, तीनही मापं सारखी. काटेवाल्यांनी कागद ओढला, सही केली, आणि म्हणाले, “पुढचा.”

असे त्यांनी तीन केले. त्यांचा हात हलत होता की नाही, हे कोणी पाहिलं नाही. पाचची टपालगाडी खालून निघून गेली तीही कोणी पाहिली नाही.

सव्वासहाला चौथ्या काट्याचा एक स्क्रू मिळेना. तो शोधताना त्यांना खुर्चीत वही सापडली.

त्यांनी ती उघडली. साडेतीन : सहा पूर्णांक चार. त्याखाली काही नव्हतं. चार नाही, साडेचार नाही, पाच, साडेपाच, सहा नाही.

“माझं भान गेलं होतं,” ते म्हणाले.

“कधी?” बाई स्वयंपाकघरातून धावत आल्या.

“अडीच तास. हे बघ. मला काहीच आठवत नाही. चारला मला कसं वाटत होतं, आठवत नाही. पाचला? काही नाही, कोरं. हे काहीतरी नवीन आहे.”

“अहो, तुम्ही काम करत होतात.”

“ते मला माहीत आहे. मला कसं वाटत होतं ते विचारतोय.”

आणि त्यांनी पेन काढून सगळ्यांच्या जबान्या घ्यायला सुरुवात केली. चारला मी कसा होतो? आक्का म्हणाली, माझा रुमाल ओढलास. साडेचारला? माझ्यावर ओरडलास. पाचला कसा होतो, हे बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, चहा दिला तो बघितलाही नाहीत. साडेपाचला छटाकला दुसऱ्यांदा गाढव म्हटलं होतं. काटेवाले पेन धरून बसले. यातल्या कशाचाही दहापैकी आकडा होईना. गाढव म्हणजे किती? त्यांनी बराच वेळ विचार केला. शेवटी त्या पाच ओळींवर तिरकी रेघ मारून त्यांनी लिहिलं, ‘नोंद उपलब्ध नाही’, आणि पलंगावर जाऊन नाडीवर बोटं ठेवून पडून राहिले. सातची नोंद सात पूर्णांक सहा होती, गेल्या पंधरवड्यातली सगळ्यात मोठी.

बाईंनी बाहेर येऊन काचेच्या पेटीकडे पाहिलं, सह्या केलेल्या तीन कागदांकडे पाहिलं, आणि त्यांच्या डोक्यात काहीतरी जुळलं. बावीस पोरांच्या बालवाडीत त्या हे रोज करत. रडणाऱ्या पोराला का रडतोस असं विचारायचं नाही, त्याला डबा उघडून मागायचा.

गुरुवारी सकाळी बाहेरच्या खोलीत बैठक बसली. काटेवाले आत होते, पण दार उघडं होतं. बाई हलक्या आवाजात म्हणाल्या की औषध सापडलंय. ते काय, आक्काला आधीच कळलं होतं. ती म्हणाली, पोरीने हुशारी केली, मुद्दाम बोट लावलं वजनाला. छटाक म्हणाली, मुद्दाम नाही, घाईत लागलं. त्यावर आक्का तिच्याकडे कौतुकाने बघून म्हणाली, हो हो, घाईतच लागलं. बाईंनी सगळं नीट मांडलं. रोज दुपारी छटाकने एक चूक करायची. मोठी नाही, त्यांना सहन होणार नाही इतकी नाही, आणि इतकी लहानही नाही की ते शेजारून निघून जातील. दांडी तिरकी बसव. स्क्रू उलटा फिरव. महिना-दोन महिने. ते बसतील, सह्या होतील, काटे जातील. मग आपण दुकान उघडू.

“आणि मग?” छटाकने विचारलं.

“मग काय, तू आहेसच दुकानात.”

“चुका करायला.”

“पाच-सहा महिन्यांनी नाही करावं लागणार,” बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःलाही ते फारसं पटलेलं दिसलं नाही. त्यांनी छटाकच्या केसातला एक धागा काढला, मग तो बोटाला गुंडाळत बसल्या. “तुझ्यामुळे तो माणूस चार महिन्यांत पहिल्यांदा चहा विसरला, अगं. मी काय करू? मी ओरडून बघितलं, गप्प राहून बघितलं. मला काट्यातलं कळत नाही. मला त्यांना गाढवसुद्धा म्हणवून घेता येत नाही.”

हे शेवटचं वाक्य विनोदी होतं, पण कोणी हसलं नाही. छटाकने आईच्या हातावर हात ठेवला, जरा वेळ ठेवला. तिला दिसत होतं ते असं : सकाळी उठायचं आणि आज कोणती चूक करायची ते ठरवायचं, दुपारी ती करायची, मग बाबांचा चेहरा बघायचा, लागली का, पुरली का, उद्या थोडी वाढवायची का. हळूहळू तीही आकडे ठेवू लागेल. मनातल्या मनात का होईना, पण दशांशासकट. मोजायला ती बापाकडूनच शिकली होती.

आतून काटेवाल्यांचा आवाज आला. “किती वाजले?”

“साडेनऊ,” आक्का म्हणाली. आज तिला पहिल्या फटक्यात ऐकू आलं.

छटाक उठली. पायात चपला घातल्या, कपाटावरची पिशवी घेतली आणि खाली गेली. बाईंना वाटलं, साबण आणायला गेली. वीस मिनिटांनी जिन्यावर पावलं वाजली. साबण नव्हता. ती सरळ आत, बापाच्या पलंगापाशी गेली आणि तिथेच उभी राहिली. मागून बाई आल्या, त्यांच्यामागून आक्का. काटेवाल्यांच्या हातात पेन होतं आणि वही दहाच्या ओळीवर उघडी होती.

“बाबा, मी काल तो काटा चुकून बिघडवला,” छटाक म्हणाली. “मुद्दाम नाही. मुद्दाम मला करता येणार नाही.”

“कोण म्हणतं मुद्दाम?”

तिने कोणाकडे पाहिलं नाही. “तेवीस काटे राहिलेत. जोडून झालेत सगळे, फक्त तपासायचेत. पाच नंबरची धार घासावी लागेल, मला जमली नाही. ती तशीच ठेवलीय.”

“पाच नंबरची?” काटेवाल्यांनी वहीवरून नजर उचलली. “घासली कशाने तू?”

“बारीक कागदाने.”

“कागदाने धार घासतात?”

बाईंनी छटाकच्या पाठीला मागून बोट लावलं, बघ, लागलं, अशा अर्थाने. छटाक जरा बाजूला सरकली, इतकी की आईचं बोट हवेत राहिलं.

“होकार कळवून आले,” ती म्हणाली. “तातडीच्या टपालाने, उद्या पोचेल. रविवारी सकाळच्या सहाच्या गाडीने मी जाते आहे.”